बसंतीबाईच्या ममतासाठी घर

मी, प्रभावती भीमराज नगराळे, वय ७१, राहणार वणी, जिल्हा यवतमाळ, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही धाकात वा भुलावणीत न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. शरीर थकले आहे, स्मरण शाबूत आहे. स्मरणच आधी गेले असते तर बरे झाले असते.

१. माझे पती कोळसा खाणीत नोकरीला होते. ते वारल्यावर मी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये जुने सामान जमवू लागले. क्वार्टर सोडून जाणारे लोक पलंग, कपाटे, टेबले देऊन जात. रस्त्यावरच्या कोणाला खोली मिळाली की मी ते त्यांच्याकडे फुकट पोहोचवत असे. रिकाम्या खोलीत माणूस टिकत नाही, असे मला वाटे.

२. बसंतीबाई राठोड व तिची मुलगी ममता बसस्थानकावर राहत. नवरा किसनसिंग ऊसतोडीला गेला तो परतलाच नाही. धुणीभांडी करून बसंतीबाईने गावाबाहेरच्या चाळीत खोली भाड्याने घेतली. मी पलंग, कपाट आणि ममताच्या अभ्यासासाठी टेबल दिले. कपाटात एकच लुगडे होते, तरी तिने कुलूप लावले. म्हणाली, "बाई, कुलूप लावाले पह्यल्यांदा काही भेटलं."

३. पुढे ती चाळ ट्रक उभे करायला विकली गेली. गिऱ्हाईक आणले माझा मुलगा संघदीप याने. भर मे महिन्यात लोकांचे सामान रस्त्यावर काढले. मी तिथे धावत गेले.
"संघदीप, हे लोक कुठं जातीन?"
"आई, मी नसतं केलं तं दुसऱ्यानं केलं असतं. तू कायले मधात पडून राह्यली?"
मी बसंतीबाईचा हात धरला, माझ्याकडे चल म्हटले. ती म्हणाली, "तुमच्या पोराच्या घरात मी कायले येऊ? पोरीले न्या." ती बसस्थानकावर परत गेली आणि ऊन लागून त्याच आठवड्यात वारली.

४. म्हणून माझ्या नावाचे, माझ्या पतीने मला घेऊन दिलेले राहते घर, मागची शेड व अंगणातील विहिरीसह, एकट्या ममता किसनसिंग राठोड हिला देत आहे. ते संघदीपचे घर नव्हते, हे तिच्या आईला जिवंतपणी दाखवता आले नाही. संघदीपला त्याच्या वडिलांचे घड्याळ आणि खाणीतला फोटो द्यावा. त्याचे स्वतःचे घर आहे. त्याने हरकत घेऊ नये, घेतली तर वरचे तिसरे कलम न्यायालयात मोठ्याने वाचावे.

५. शेडमधील सामान ज्याला हवे त्याने न्यावे. हे काम पुढे कोणी चालवावे, अशी माझी इच्छा नाही. टेम्पोवाला मारोती इतकी वर्षे सामान पोहोचवत आला. चाळ रिकामी केली त्या दिवशी तेच पलंग परत भरताना तो म्हणाला, "ताई, आता माह्याच्यानं नाही होत." माझ्याच्यानेही होत नाही. भिंती दुसऱ्याच्या होत्या आणि मी पलंग वाटत बसले.

६. माझ्यामागे बुद्धवंदना घ्यावी, जेवणावळ घालू नये. खांदा संघदीपने द्यावा. तेवढ्यातून मी त्याला काढलेले नाही.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारी भगवानराव ताकसांडे यांनी करावी.

८. ममता आता माझ्याजवळ राहून कॉलेजात शिकते. हा कागद मी तिला वाचून दाखवला. तिने विचारले, "आजी, मंग मले इथून कोनी उठवनार नाही?" मी नाही म्हटले. तिने मान डोलावली. तिची पिशवी मात्र अजून भरलेलीच दाराशी असते, आणि ती रिकामी कर म्हणण्याचा धीर मला होत नाही.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

प्रभावती भीमराज नगराळे

साक्षीदार :
१. नागोराव पाझारे, वणी
२. डॉ. सुरभी देठे, वणी

स्थळ : वणी
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२४