शंभर दाण्यांत तुकडे किती

५ फेब्रुवारी १९६८, जळगाव
मुंबईच्या दहा दिवसांच्या कोर्सहून परत. विषय : स्टॅटिस्टिकल क्वालिटी कंट्रोल. अख्ख्या जळगावात हे शब्द न अडखळता म्हणणारा दुसरा माणूस नसावा. भंवरलालशेठ आधी भाच्याला पाठवणार होते, त्याला गालगुंड झालं. लायकीला वाट सापडतेच. शेठ म्हणाले, धुळ्याच्या व्यापारी कांतीलालकडे जाणारा पहिला ट्रक बिनतक्रार उतरला तर डाळमिलीचे मॅनेजर तुम्ही, नाहीतर आहात तिथेच कारकून. म्हणजे झालोच मॅनेजर. बायकोला, सुनंदाला, सांगितलं. ती म्हणाली, आधी होऊ द्या. बायकांना आकडेवारी कळत नाही.

६ फेब्रुवारी
मिलीची पाहणी. सगळा रामभरोसे कारभार. तूर भरडायच्या रोलमधून जाते, डाळ पडते, मग पंचवीस बाया सुपं घेऊन तुकडे नि खडे निवडत बसतात. त्यांची म्होरकी शेवंताबाई. सहीला अंगठा. पोतं शिवण्याआधी ही बाई त्यात कोपरापर्यंत हात घालते नि जाऊ द्या किंवा ओता म्हणते. वीस वर्षं हीच आमची क्वालिटी. कशावरून ठरवता, विचारलं. म्हणाली, हातले समजस. हाताला म्हणे.

७ फेब्रुवारी
केबिनच्या भिंतीवर कंट्रोल चार्ट लावला. शंभर दाण्यांत सहा तुकडे, ही लाल रेघ. ठिपका रेघेखाली तर सगळं ठीक. बायांना रँडम म्हणजे काय ते समजावलं : अकराला नि चारला, कुठूनही, वाटीभर डाळ आणून द्यायची. वाटी घरूनच नेली. नमुना स्वतःच काढणार होतो, पण धुळीने शिंका येतात नि टेरिलीनचा शर्ट नवा आहे.

८ फेब्रुवारी
अकराला तीन. चारला दोन. मोजलेली डाळ पुडीत बांधून रेकॉर्ड म्हणून घरी नेली.

९ फेब्रुवारी
रेकॉर्डचं वरण झालं. सुनंदा म्हणते, डाळ फार छान आहे, रोज आणत जा. पुरावा गेला, पण निष्कर्ष तोच निघतो.

१२ फेब्रुवारी
दोन. एक. झुलाल मिस्त्री सांगत आला की रोल झिजलाय, डाळ फुटतेय, एक दिवस मिल बंद ठेवून नवा बसवू. मागे शेवंताबाई उभीच : भाऊ, रोलना आवाज बदलना शे, आयका जरा. कोर्समध्ये आवाजाचा धडा नव्हता. मी चार्ट दाखवला. झुलाल बराच वेळ आधी चार्टकडे नि मग माझ्याकडे बघत राहिला. आदर असावा.

१४ फेब्रुवारी
पोत्यात हात घालणं बंद केलं. तपासून माल चांगला होत नाही, प्रक्रियेने होतो, हे मूळ तत्त्व आहे. शेवंताबाईने पोत्यातून हात काढला. बांगड्या मागे सारल्या नि सूप घेऊन बसली. अडाणी माणसाला वाईट वाटायचंच.

१७ फेब्रुवारी
शून्य. दोन्ही वेळा शून्य. मुंबईचे सर म्हणायचे, शून्य हे स्वप्न असतं. दीडशे पोती धुळ्याला रवाना. सासरे जेवायला येणार आहेत, हे सकाळी मिलीत सगळ्यांना सांगितलं होतं. मॅनेजरच्या खुर्चीसाठी उशी शिवायला टाकली.

२० फेब्रुवारी
ट्रक परत. दीडशेच्या दीडशे पोती. कांतीलालने चिठ्ठीत लिहिलंय, गुरांसाठी चुरी मागवायची असती तर तसं कळवलं असतं. कांतीलालला सँपलिंगचं ज्ञान शून्य. माझा एकही ठिपका लाल रेघेवर गेलेला नाही, हेच शेठना सांगितलं. शेठनी एक पोतं फोडलं, मूठभर डाळ टेबलावर टाकली नि म्हणाले, मोजा. सत्तावीस तुकड्यांपर्यंत मोजलं, मग थांबलो.

२१ फेब्रुवारी
शेठसमोर शेवंताबाईला विचारलं, वाटी कुठून भरत होता? म्हणाली, भाऊ, आम्हले वाटनं तुम्ही वरणले दाय घर लई जातस. म्हनीसन आम्ही बठ्ठ्या जनी एक एक दाना येचीसन वाटी भरतस. म्हणजे माझ्या वरणासाठी वाटी दाणा दाणा निवडून भरलेली; सासरे येणार त्या दिवशी तर दोनदा निवडली म्हणे. शेठ हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

२२ फेब्रुवारी
झुलालने नवा रोल बसवला. शेवंताबाईने जाऊ द्या म्हटल्याशिवाय एकही पोतं शिवायचं नाही, असा शेठचा लेखी हुकूम. लिहिला मीच, कारकून दुसरा कोण आहे. परत आलेली पोती पुन्हा निवडायला हात कमी पडतात, म्हणून शेठनी मलाही सूप दिलं. प्रक्रिया आतून समजून घ्यायची संधी, असं मानलं.

२४ फेब्रुवारी
बायांच्या रांगेत तिसरा दिवस. पाठ गेली. दुपारी माझं पहिलं पूर्ण सूप शेवंताबाईंकडे दिलं. त्यांनी डाळीतून बोटं फिरवली नि सूप माझ्या पुढ्यात परत ठेवलं. भाऊ, परत येचा, म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्याचीच लाज वाटली. यांना काय कळतं म्हणून सूप उन्हात नेऊन बघितलं. तुकडे होते.