माझं नाव कुठेही नाही

३ मार्च, सोमवार

कंपनीवाल्या सोशल मीडियावरचं अकाउंट आज बंद केलं. तिथे आपण माणूस नसतो, माल असतो. यापुढे खुलं नेटवर्क. त्याला एक मालकच नाही. शेकडो लहान सर्व्हर, प्रत्येक कुणा साध्या माणसाने चालवलेला, आणि सगळे एकमेकांना जोडलेले. माझा सर्व्हर एक रिटायर्ड लायब्ररियन घरून चालवतात. टोपणनाव ‘मुक्ताक्षर’. फोटो नाही, गाव नाही, वय नाही. दिवसभर कुरिअरच्या ऑफिसात मी लोकांची नावं-पत्ते टाइप करते. एका तरी ठिकाणी मला बिननावाची राहू दे.

दुसरा संकल्प: आईला तीस दिवसांत वाचायला शिकवायचं. रोज संध्याकाळी सात ते आठ. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून हे माझं काम आहे. आईची अट एकच, बाहेर कुणाला कळता कामा नये. शिवणाच्या गिऱ्हाइकांना वाटतं की तिला वाचता येतं. दवाखान्याच्या गणवेशांवर ती नर्सेसची नावंसुद्धा भरते, चिठ्ठीवरची अक्षरं चित्रासारखी उतरवून. नऊ वर्षांत एक चूक नाही. ते काम गेलं तर मशीनला अर्धा दिवस सुट्टी, असं ती म्हणते.

वचन दिलं.

५ मार्च, बुधवार

सात ते आठ प्रोफाइल लिहिण्यात गेले. धाकट्या बहिणीला सांगितलं, आजचा दिवस तू ‘क’पासून ‘ङ’पर्यंत घे. तिने विचारलं, ‘ङ’ कुणाच्या नावात असतो? शिक्षणाकडे बघण्याचा तिचा दृष्टिकोन फार उथळ आहे.

९ मार्च, रविवार

फॉलोअर चार. एक स्वतः लायब्ररियन, एक हवामान सांगणारा प्रोग्रॅम. संख्येला महत्त्व नाही. दिवसातून पाच-सहा वेळाच बघते.

१२ मार्च, बुधवार. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत

आज खरं काहीतरी लिहिलं. आईच्या मापांच्या वहीबद्दल. लिहिता येत नाही म्हणून तिने प्रत्येक गिऱ्हाइकाला एक चिन्ह दिलंय. शाळेतल्या बाईंना चष्मा. दवाखान्याच्या मेट्रनला घड्याळ, कारण त्या उशीर खपवून घेत नाहीत. बेकरीवाल्या काकूंना भोपळा. तयार कपड्याला ती त्याच चिन्हाची चिठ्ठी टाचते. ही एक लिपीच आहे! पहिलं वाक्य: ‘माझी आई निरक्षर आहे, पण तिने स्वतःची लिपी शोधली आहे.’ सोबत पानाचा फोटो आणि कुठलं चिन्ह कुणाचं, त्याची यादी.

वचन मोडलेलं नाही. नाव कुणाचंच नाही, फक्त धंदे आहेत. जगात बेकऱ्या किती असतील!

१३ मार्च, गुरुवार

अडतीस सर्व्हरवर पोहोचलं. एका प्रोफेसरांनी ‘विलक्षण’ म्हटलंय. सात ते आठ त्यांना उत्तर लिहिण्यात गेले. धाकटी जोडाक्षरांवर पोहोचली म्हणे. घाई करतेय.

१५ मार्च, शनिवार

बेकरीवाल्या काकू कोट आल्टर करायला आल्या आणि आईला म्हणाल्या, मी भोपळा का गं? परदेशातल्या भाचीने पोस्ट पाठवली, त्यांनी फोटो बघितला आणि आपल्या चिठ्ठ्यांवरचा भोपळा ओळखला. अकरा वर्षं त्या चिठ्ठ्या जपून ठेवतायत. भोपळा म्हणजे आमच्या दुकानाचा शिक्का, अशी त्यांची समजूत होती.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जगात भोपळे पुष्कळ आहेत.

संध्याकाळी पोस्ट डिलीट केली. एका बटणाचं काम. खुल्या नेटवर्कवर आपली गोष्ट आपल्या हातात असते.

१७ मार्च, सोमवार

काकूंच्या फोनवर अजून दिसतेय. लायब्ररियनना कळवलं. त्यांचं उत्तर फार सौजन्याचं. पुसण्याची विनंती सगळ्या सर्व्हरकडे गेलीय, बहुतेकांनी मानली, काहींनी नाही. प्रत्येकाकडे स्वतःची प्रत असते. इथे हुकूम चालत नाही, फक्त विनंती चालते.

नेमक्या याच वाक्यावर भाळून मी आले होते. त्यांच्या पहिल्या पानावर ते ठळक अक्षरांत आहे.

२० मार्च, गुरुवार

उपाय सापडला. दुसऱ्या सर्व्हरवर गेले. नवं टोपणनाव ‘निनावी’. ‘स्थलांतर’ नावाचं बटण होतं, दाबलं. फॉलोअर आपोआप मागे आले. जुन्या पानावर आता बाण आहे आणि लिहिलंय, हे खातं इथे हललं आहे.

धाकटी म्हणाली, “ताई, पळून गेलीस आणि दारावर नवा पत्ता लावून गेलीस.”

आणि मी कुरिअरमध्ये नोकरी करते.

२४ मार्च, सोमवार

मेट्रन आल्या. वेळेवर. आवाज चढवला नाही. गणवेश आईनेच शिवायचे, नावं मात्र यापुढे मशीनच्या भरतकामवाल्याकडे जातील. पेशंट ते नाव वाचून हाक मारतात, त्यात जोखीम नको. मी नऊ वर्षांचा रेकॉर्ड सांगायला तोंड उघडलं. आईने टाचण्यांची डबी माझ्या हातात दिली. आई मेट्रनना “बरं” म्हणाली. घड्याळाबद्दल कुणीच काही बोललं नाही.

त्या गेल्यावरही आईने मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सविस्तर समजावून सांगणार होते. मुद्दे काढून ठेवलेत.

२८ मार्च, शुक्रवार

प्रत आता एकाच सर्व्हरवर उरलीय. त्याच्या मालकाला तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. त्याच्या पानावर शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची, ‘आठवडाभर सुट्टीवर चाललोय’. सर्व्हर मात्र धडधाकट आहे.

१ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळी

तिसावा दिवस. ऑफिसातून आले तर आई काकूंचा फोन घेऊन बसलेली. काकू आणि धाकटी शेजारी. आई बोट ठेवून वाचत होती. मा-झी आ-ई. मग थांबली. नि-र-क्ष-र. ‘क्ष’ एका दमात. काकू रडायला लागल्या. धाकटीने माझ्याकडे पाहिलंच नाही.

आईने शेवटपर्यंत वाचलं. यादीसकट. पाऊण तास लागला. माझा चहा निवला, तिचाही.

मग मला म्हणाली, “बेकरी आहे, दवाखाना आहे, शाळा आहे. मी तर पहिल्याच ओळीत आहे. तुझं नाव कुठे आहे?”

मी म्हटलं, नाव घालत नाहीत, आई. प्रायव्हसी असते.

“कुणाची?”

मुद्दे वर कपाटात होते. आणायला गेले नाही.

आईने फोन काकूंना परत दिला आणि वही उघडली. भोपळा खोडून शेजारी काकूंचं नाव लिहिलं, वाकडं पण बरोबर. मग माझ्या मापाचं पान काढलं. तिथे मी शाळेत असल्यापासून पेन्सिल काढलेली आहे. ती तशीच ठेवली.

ही रोजनिशी आजपासून कुलपात ठेवायची. आमच्या घरात कुलूप एकच, आईच्या मापांच्या वहीच्या खणाला. किल्ली तिच्याकडे मागावी लागेल.