शेवटचा उतरणारा

३ मार्च १७९८, पोर्ट रॉयल
आज लेफ्टनंट म्हणून फ्रिगेट या युद्धनौकेवर रुजू झालो. खोली पेटीएवढी, पण माझी स्वतःची. कॅप्टन थॅकरांनी बदकाचं मांस आणि मदिरा देऊन स्वागत केलं. माणूस मोठा हसतमुख. खलाशी इतक्या झटपट शिडं आवरतात, की बघत राहावं. कौतुक केलं तर त्यांचा मुकादम गिलरॉय म्हणाला, "चपळ कसले, साहेब? पाठीला जपतात बिचारे." डोलकाठीवरून जो शेवटी उतरेल त्याला नऊ पदरी चाबूक, असा कॅप्टनचा नियम आहे.

९ मार्च
वारा सुटला होता. शेवटचं राहू नये म्हणून ओबेड लस्क या खलाशाने वरून उडी मारली. माझ्या पायाशीच आपटला. डोकं फुटून मेंदू फळ्यांवर सांडला. कॅप्टननी बूट पुसला आणि म्हणाले, फेका हे समुद्रात. प्रार्थना नाही, कफन नाही. मला भयंकर संताप आला.

१२ मार्च
भर दुपारी सगळे उतरले, आणि त्यांच्यामागून आणखी एक जण सावकाश उतरला. ओबेड. फुटक्या डोक्यातून पाणी गळत होतं. कॅप्टननी नियम मोडला नाही. त्याला फटक्यांसाठी उभ्या केलेल्या लाकडी जाळीला बांधून कातडी सोलून निघेपर्यंत फोडला. रक्त आलं नाही, खारं पाणी आलं. सोडल्यावर तो पुन्हा वर चढून गेला.

१४ मार्च
रोज शेवटचा तोच. खलाशी खूश आहेत. गिलरॉय म्हणतो, ओबेडबाबा फार गुणाचा. आज कॅप्टननी स्वतः चाबूक धरला. मांसाचा तुकडा माझ्या ओठांवर उडाला. न राहवून म्हणालो, मेलेल्याला तरी सोडा.

१६ मार्च
हुकूम आला — ओबेडला आणायला मी वर जायचं. दोघांत शेवटी उतरेल त्याला फटके, मग तो अधिकारी का असेना. कॅप्टन म्हणाले, मेलेला ओरडत नाही, मजा येत नाही. नकार दिला तर फाशी.

वर.
वही खिशातून आणलीय. ओबेड शेजारीच बसलाय. सडका वास. माझे पाय हलत नाहीत —
मला ओलांडून गेला. उतरतोय. खाली कॅप्टन हसतायत, जाळी तयार —
वर आता मी एकटाच.
तो अजून अर्ध्यावर आहे. उडी मारली तर त्याच्या आधी —