माशाची एक मिशी

मी, कुवाबारा शिझुए, वय चौऱ्याऐंशी, राहणार ओसाका, हे स्वहस्ते लिहिते. डोकं शाबूत आहे. कुणाचं दडपण नाही. कुणी आणलं असतं तर त्याची धडगत नव्हती.

१. घर आणि बँकेतली शिल्लक भाचा तेत्सुजीला, कारण रक्ताचं तेवढंच उरलंय. तो संगणकावर राक्षस काढतो. खवला न् खवला चकचकीत, गोष्टीचा पत्ता नाही. मी विचारलं, "मग?" तर म्हणतो, "मग काय, आत्या? भारी दिसतंय ना!" किळस आली. माझ्या ब्रशांना त्याने हात लावायचा नाही.

२. चित्रपेटी, म्हणजे ज्या लाकडी चौकटीतून एकेक चित्र ओढत मी बागेत पोरांना गोष्टी सांगितल्या ती, माझी शिष्या सेनो हारुयो, राहणार साकाई, हिला. ती घेईलच असं नाही. कारण असं:

१९७१ साली तिला मी जमिनीखालच्या माशाची गोष्ट रंगवायला दिली. तो हलला की भूकंप होतो. पोरीने मासा काढलाच नाही. विहिरीच्या काठावर नुसती एक मिशी.

"मासा कुठाय? रंग संपला का गं?" मी चारचौघांत म्हणाले.

"बाई, पोरं शोधतील की."

"उद्यापासून येऊ नकोस."

चित्र मात्र फाडता येईना. आमच्या खेळात एका चित्राचा मजकूर दुसऱ्याच्या पाठीवर असतो. एक काढलं की दुसरं मुकं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी ती मिशी बागेत दाखवावी लागली. वरचं चित्र निम्मं ओढून मिशी दिसताच पोरं उठली. "बाकीचा कुठाय, मावशी?" एक मुलगी स्वतःच्या चपलेखाली बघत होती.

घरी येऊन मी त्या चित्रावर माझी सही केली. पुढे त्याच चित्रावर मला नाव मिळालं, सत्कार झाले, आणि मी हार घालून घेतले. तेत्सुजी निदान स्वतःचं काढतो. मला माझी किळस येते.

३. अंत्यविधीत माझा फोटो नको. त्याजागी चित्रपेटीत ती मिशी लावून ठेवावी. हारुयो आली तर सहीचा कोपरा तिने स्वतः कापावा आणि चित्र घरी न्यावं. नाही आली तर तेत्सुजीने कापून साकाईला पोचवावं. जमलेल्यांपैकी कुणी विचारलंच, "मासा कुठाय?", तर सांगावं: हारुयोला विचारा, चित्र तिचं आहे.

साक्षीदार: कामेई तोशिको, शेजारीण
ओगुरा मासाओ, केशकर्तनालय

सही व शिक्का: कुवाबारा शिझुए
ओसाका, २ नोव्हेंबर २०१९