ठासून भरलेली बॅग

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस. आई ठणठणीत आहे, कालच माझ्याशी कडाकडा भांडली. फोनवर तू 'बरं, बरं' म्हणत मला गुंडाळतोस, म्हणून लिहितेय. माझा जीव थाऱ्यावर नाही रे.

तुझ्या शब्दाखातर तुझ्या मित्राने, म्हणजे आमच्या साहेबांनी, मला या हॉस्पिटलात घेतलं. आता सगळ्या विभागांच्या माहितीची प्रत रोज एका नव्या सर्व्हरवर जाणार, आणि तो केवढा घ्यायचा हे ठरवणं माझ्या गळ्यात पडलंय. साहेबांना लहानच हवाय. विकणाऱ्याने त्यांना सांगितलं, माहिती कॉम्प्रेस केली, म्हणजे दाबून बसवली, की निम्मी होते. कागदपत्रं होतात, पण पेशंटचे स्कॅन आधीच दाबून ठेवलेले असतात. मी हॉस्टेलला जाताना तू माझ्या बॅगेवर बसायचास, आठवतं? आधीच ठासून भरलेल्या बॅगेवर तू कितीही नाचलास तरी ती आणखी काय दबणार? मी त्यांना करून दाखवलं. स्कॅन तसूभरही कमी झाले नाहीत.

मग साहेबांनी पळवाट काढली. जुन्या स्कॅनची प्रत घ्यायचीच नाही, आहेत तिथे राहू देत. अरे, ते आहेत त्या जुनाट मशीनवर! ते आत्ताच कण्हतंय. बंद पडलं की सगळं गेलं. आईच्या फुप्फुसावर डाग दिसला तेव्हा डॉक्टरांनी तिचा जुना स्कॅन शेजारी लावला होता. डाग जुनाच निघाला, वाढलेला नव्हता, म्हणून ऑपरेशन टळलं. बाहेरच्या बाकावर तू लहान पोरासारखा रडलास. तो स्कॅन त्याच मशीनवर आहे, दादा, आणि असे किती जणांचे असतील.

लहान सर्व्हरच्या योजनेवर मी सही केली नाही. मोठ्याचा हिशेब मांडून थेट संचालकांना पाठवला. तेव्हापासून साहेब माझ्याशी बोलत नाहीत. नोकरी जाईल बहुतेक, आणि तुमच्या मैत्रीतही मिठाचा खडा पडेल. भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

रविवारी ते नेहमीसारखे तुझ्याकडे येतील आणि म्हणतील, तुझ्या बहिणीला समजाव. त्यांना चहा दे, सगळं ऐकून घे. पण मला समजवायला येऊ नकोस. तू समजावलंस की मी ऐकते, आजवर नेहमी ऐकलंय. या वेळी मला ऐकायचं नाहीये.

तुझीच,
धाकटी