मालेना म्हणजे स्ट्रॉबेरी

प्रिय त्रुदा,

तीन घरं सोडून राहणाऱ्या बाईला कुणी पत्र लिहितं का, असं म्हणशील. मी लिहितेय. समोर आले की तू आधी चहा टाकशील, माझ्या गुडघ्याची चौकशी करशील, आणि मी पुन्हा काहीतरी गुळमुळीत बोलून घरी परत येईन. पहिला कागद पोलिशमध्ये लिहिला आणि फाडला. हा आपल्या काशुबीत आहे. माहेरी सोळा वर्षं ही भाषा बोलले, पण लिहितेय आज पहिल्यांदा, माझ्या नातीचं, तोसियाचं, बालवाडीचं चित्रांचं पुस्तक शेजारी उघडं ठेवून. अक्षरांवरची टिंबं कुठे द्यायची हे अजून नीट कळत नाही. चुका दिसल्या तर हसू नकोस. हसण्याबद्दल पुढे बरंच लिहायचं आहे.

आधी खुशाली सांगते. इवोनाला पुन्हा रात्रपाळी लागलीय, त्यामुळे बालवाडी सुटली की नात माझ्याकडेच असते. तळ्याकडच्या वाफ्यात स्ट्रॉबेरी यंदा लवकर पिकली. काल दोन टोपल्या निघाल्या. त्यातली एक तुझ्याकडे पाठवावी असं मनात आलं, आणि लगेच दुसरा विचार आला की नको, तिला काय कमी आहे! बघ, इथूनच सुरुवात होते माझी. गेले आठ-नऊ महिने हे असंच चाललंय. तुझ्या अंगणात पोरं दिसली की मी खिडकी लावून घेते. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना चारपाच चिमुरडी तुझ्या झग्याला लोंबकळतात, तेव्हा मला बुटाची नाडी बांधायची आठवण होते. माझ्या त्या बुटांना नाड्याच नाहीत.

मी तुझ्यावर जळते, त्रुदा. एकदा लिहून टाकलं, बरं वाटलं.

सप्टेंबरातली गोष्ट. मी बटाटे सोलत होते. तोसिया बालवाडीतून आली आणि जॅकेटही न काढता म्हणाली, "आज स्तारकाने आम्हाला बदकांचं गाणं शिकवलं." मला वाटलं, हिला स्वप्न पडलं की काय. तिची आजी तर ही इथे, हातात सुरी घेऊन बसलीय! म्हटलं, "कुठली गं स्तारका?" तर पोरगी हसली. "तू नाही गं बाब्चा! बालवाडीतली स्तारका. त्रुदा." तेव्हापासून घरात दिवसभर तेच. स्तारका म्हणते असे हात धुवायचे, स्तारका म्हणते आभार असे मानायचे, स्तारकाच्या रुखांक्या तुझ्यापेक्षा फुगतात. माझ्या आंबवलेल्या पिठाच्या, तळलेल्या रुखांक्या चाळीस वर्षं या घराने बोटं चाटून खाल्ल्या आहेत! बाळंतपण माझ्या लेकीचं, रात्री जागले मी, गोवरात औषधं पाजली मी, आणि स्तारका कोण, तर त्रुदा. आयत्या बिळावर नागोबा, असं मी भिंतीला मोठ्याने म्हणून दाखवलंय. याहून वाईटही म्हटलंय. हिला स्वतःचं एक मूल झालं नाही आणि आता बावीस नातवंडं घेऊन मिरवते, असं. म्हटलंय ते म्हटलंय.

आपली स्तारका सोडून पोलिश बाब्चा मी स्वतःच झाले, हे मला ठाऊक नाही असं समजू नकोस. टीव्हीवरच्या आज्या बाब्चा, पुस्तकातल्या आज्या बाब्चा, म्हणून मीही. इवोना झाली तेव्हा मी ठरवलं होतं की या पोरीच्या कानावर आपली बोली पडू द्यायची नाही. माझी आई पाळण्याजवळ जाऊन काशुबीत बोलायला लागली की मी तिला गप्प करायची. म्हातारी बिचारी मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये नातीला अंगाई म्हणायची. मग सूर चुकायचा. पोरीच्या भल्यासाठीच केलं मी ते. गावात सगळ्यांनीच केलं.

का केलं, ते तुला माहीत आहे. तिसरीचा वर्ग आठव. बाहेरून आलेल्या त्या गुरुजींनी स्ट्रॉबेरीचं चित्र वर धरलं, आणि तू उभी राहून ठणठणीत आवाजात म्हणालीस, "मालेना!" ते म्हणाले, "मालिना? मालिना म्हणजे रास्पबेरी. रास्पबेरी आणि स्ट्रॉबेरीतला फरक कळत नाही तुला? काशुबी मडकं!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ब्रिगिदा, तू सांग." आमच्या घरी त्याच सकाळी आई म्हणाली होती, मालेनांना पाणी घाल. पण ग्दान्स्कच्या मावशीने मला पोलिश शब्द पढवला होता. मी म्हटलं, "त्रुस्काव्का." मला शाबासकी मिळाली आणि तुला कोपरा. सगळा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं, ते तू मला कधीच विचारलं नाहीस. मधल्या सुट्टीत तू तुझा चरबी लावलेला पाव मोडून अर्धा मला दिलास. मी तो खाल्ला आणि त्याच दिवशी शिकले की या बोलीचं बक्षीस कोपरा असतं. तू कोपऱ्यातून बाहेर आलीस आणि पुन्हा मालेनाच म्हणालीस. पुढे तीस वर्षं बालवाडीच्या स्वयंपाकघरात पोरांना सूप वाढतानाही तेच म्हणत राहिलीस. म्हणून बालवाडीत काशुबीचा तास सुरू झाला तेव्हा तिथल्या मुख्य बाईंनी तुला बोलावलं. मला नाही बोलावलं. मला का बोलावतील?

आता गेल्या मंगळवारच्या पालकसभेकडे येते. मोठ्या गटाला आठवड्यातून दोन तास आहेत, ते तिन्ही गटांना रोज करायचे म्हणून अर्ज भरून घेणार होते. इवोना कामावर, म्हणून मी गेले. तू आत पोरांपाशी होतीस. पाणी तापवणाऱ्या शेगडीजवळ ती नव्या बंगल्यातली शहरातून आलेली आई होती, माल्विनाबाई. बाई भली आहे, उगाच वाईट कशाला म्हणू. हातात तिच्या मुलाचं चित्र होतं. लाल स्ट्रॉबेरी, खाली तुझ्या अक्षरात मालेना. तिने मला साधेपणाने विचारलं, "तुम्ही इथल्या जुन्या. हे बरोबर आहे का हो? मालिना म्हणजे तर रास्पबेरी ना?" एक शब्द बोलायचा होता, त्रुदा. आपल्याकडे स्ट्रॉबेरीला मालेनाच म्हणतात, एवढंच. पण आतून तुझा आवाज येत होता, आणि त्यात तोसियाचा, "स्तारका, स्तारका" करणारा. माझ्या तोंडून गेलं, "छे हो! रास्पबेरीच. त्रुदाचा फळांत लहानपणापासून गोंधळ आहे. तिसरीत याच्यासाठी कोपऱ्यात उभी होती ती!" तिथे सात जणी होत्या, सगळ्या शहरातून आलेल्या. हसल्या. मीही हसले. तेच हसू, सत्तावन्न वर्षांनी.

सभा सुरू व्हायच्या आधीच मी बाहेर पडले आणि तोसियासाठी फाटकाशी थांबले, म्हणून तू मला पाहिलंच नाहीस. पुढचं तुला माहीत आहे, पण कुणी केलं ते माहीत नाही. अकरा जणांनी अर्ज परत घेतले. जिला फळं ओळखता येत नाहीत ती भाषा काय शिकवणार, असं सभेत कुणीतरी म्हणालं आणि बाईंनी निर्णय येत्या गुरुवारवर ढकलला. हे तिनेच पसरवलं असं समजून गावात सगळे त्या माल्विनाला नावं ठेवतात. तू अ‍ॅप्रन घडी करून बाईंच्या टेबलावर ठेवलास आणि घरी निघून आलीस. रविवारी चर्चबाहेर तू वडिलांची शिंगाची डबी माझ्यापुढे केलीस आणि म्हणालीस, "ब्रिगिदा, तू तरी तिथे असतीस बघ, तू सांगितलं असतंस त्यांना." मी तुझ्या डबीतली चिमूटभर तपकीर घेतली, शिंकले, डोळ्यांत पाणी आलं. तुला वाटलं तपकिरीने.

तरीही मी गप्प बसले असते. पण काल तोसियाने टोपलीतली एक स्ट्रॉबेरी उचलून विचारलं, "बाब्चा, स्तारका आता का येत नाही?" तिच्या हनुवटीवरून रस ओघळत होता. तो पुसता पुसता माझ्या तोंडून निघून गेलं, "हळू खा गं, मालेना झग्यावर सांडेल." पोरगी खायची थांबली. माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू घरातलं मांजर बोललं. मग म्हणाली, "हा तर स्तारकाचा शब्द आहे. तुला कसा येतो?" मी म्हटलं, माझाही आहे. तिला ते खरं वाटलं नाही. म्हणून हे पत्र. गुरुवारी सहा वाजता मी सभेत उभी राहून सगळ्यांसमोर सांगणार आहे की मालेना म्हणजे स्ट्रॉबेरी, आणि खोटं मी बोलले, दोनदा. तू मला क्षमा केली नाहीस तरी सांगणार आहे. पण तू ये. पोरांसाठी ये, टेबलावरचा तो अ‍ॅप्रन परत घ्यायला ये. ती तुला खुशाल स्तारका म्हणू दे. मी जळेनच, तो स्वभाव आता जायचा नाही. मला फक्त तुझ्या तासाला मागच्या बुटक्या खुर्चीवर बसू दे. आणि जमलं तर एकदा तोसियाला सांग, मला हा शब्द कसा येतो ते. माझं तिला खरं वाटत नाही.

तुझीच, तुला अजून चालत असेल तर,
ब्रिगिदा