नव्या पंपावरचं नाव

आई, आपला तीनचाकी टेम्पो पेणच्या शोरूममधून पहिल्यांदा रोह्याला आला, तेव्हा त्याला ओवाळायच्या आधी तू वाकून त्याच्या पोटाखाली बघितलं होतंस. एका हातात तबक तसंच धरलेलं, पदर चाकाला घासतोय. बाबा म्हणाले, "गाडी नवीन हाय गो." तू म्हणालीस, "नवीन हाय असं ते म्हनतात." मग कुंकू लावलंस, नारळ फोडलास. शेजारणी हसल्या, मीही हसले. तुझी ही सवय आम्हाला पाठ होती. तेलाचा डबा आला की तू तो हलवून बघायचीस, तांदळाच्या गोणीत कोपरापर्यंत हात घालायचीस, आणि कोळणीने सुरमई पुढे केली की तिचा कल्ला उचलून आत बघेपर्यंत तिच्याशी बोलायचीसुद्धा नाहीस. दुनिया फसवायला बसली आहे, हे तू रागाने म्हणायची नाहीस. पावसाळ्यात ओल येते म्हणावं, तसं म्हणायचीस.

नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षं. धाटावच्या कंपन्यांत ठेकेदाराकडे कामाला असलेल्या माणसांना आपल्या खानावळीचे डबे जायचे. मी कॉलेज संपवून तुझ्या हाताखाली आले होते. पहाटे भाकऱ्या थापायचे, दुपारी डबे भरायचे. बाबा टेम्पो चालवायचे. आपल्या प्रत्येक डब्यावर, झाकणावर, अगदी चमच्यावरसुद्धा तुझं नाव घातलेलं असायचं. बाजारात भांड्यांच्या दुकानाबाहेर नावं कोरायचं मशीन घेऊन बसणारा तो म्हातारा आपल्या घरचाच झाला होता. दुसऱ्या खानावळीचे डबेही त्याच गेटवर जायचे. नाव नसेल तर डबा परत येत नाही, हे तू एकदाच शिकलीस आणि मग कधी विसरली नाहीस.

टेम्पो बिघडला तो बिघडून नव्हे, सर्व्हिसिंग करून. तोवर छान पळत होता. पेणला दुसरी सर्व्हिसिंग झाली आणि त्याची ताकदच गेली. चढ आला की धापा टाकायचा, मागून काळा धूर. एकदा भरल्या डब्यांसकट धाटावच्या रस्त्यावर बंद पडला, आणि डबे पोचले तेव्हा माणसं उपाशी कामाला लागली होती. गेटवरचा सुपरवायझर तसा भला होता. आपल्याकडे जेवूनही गेला होता कधी कधी. पण त्या दिवशी तो घरी आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, "मावशी, जेवणात तुमच्या खोट नाय. पण पोरांची सुट्टी अर्ध्या तासाची. परत असं झालं तर मला दुसरीकडं बघावं लागेल." तू त्याला बस म्हणालीस, तो बसला नाही. तो गेल्यावर तू चुलीपुढे बराच वेळ नुसती बसून राहिलीस. तसं मी तुला त्याआधी फार कमी वेळा पाहिलं होतं.

बाबा गाडी घेऊन पेणला जायचे. वॉरंटी होती, त्यामुळे काम फुकट. पण दर वेळी नवं कारण. कधी म्हणे तुम्ही जास्त माल भरता, कधी म्हणे डिझेलमध्ये भेसळ आहे. गाडी परत यायची, आठवडाभर बरी चालायची आणि पुन्हा खोकायला लागायची. तू बाबांना विचारायचीस, "तुम्ही तिथं उभे ऱ्हाता ना?" बाबा म्हणायचे, "राह्यतो की. मॅनेजर चांगला मानूस हाय. चहा पाजल्याशिवाय सोडत नाय." चहाचं नाव निघालं की तुझी भुवई वर जायची. फुकट चहा पाजणारा माणूस तुझ्या हिशोबी अर्धा चोर असायचा.

मग एका दुपारी बाबा जेवून झोपले असताना तू मला बाहेर बोलावलंस. अंगणात तो भांडीवाला म्हातारा मशीन घेऊन बसला होता. आपल्या खिडकीतून वायर बाहेर काढली होती. तू टेम्पोचं सीट उचललंस आणि म्हणालीस, "घाल." तो बावचळला. म्हणाला, "वैनी, भांडं कुठंय?" तू इंजिनाला लागलेल्या डिझेल पंपावर बोट ठेवलंस. "हा काढतील आनि जुना बसवतील. माझा नवा पंप दुसऱ्याच्या गाडीत जाईल. घाल नाव." त्याने पंपावर घातलं, स्टार्टरवर घातलं, बॅटरीच्या पट्टीवर घातलं. तुझं नाव, पुढे बाबांचं, खाली रोहा. जॅकवरही घातलं. मी म्हटलं, "आई, लोक हसतील." तू म्हणालीस, "हसू दे. बापसाला सांगू नको."

त्यानंतर बाबा गाडी घेऊन गेले ते चांगल्या खुशीत परतले. "झालं गो काम. कंपनीकडनं नवा कोरा पंप मागवला. माझ्या डोळ्यांसमोर टाकला." तू त्यांना गरम भाकरी वाढलीस. सकाळी ते आंघोळीला गेले तशी तू टॉर्च घेतलास, सीट उचललंस, आणि मला हाक न मारता हातानेच बोलावलंस. मी वाकून पाहिलं. पंपावर तुझं नाव होतं. बाबांचं होतं. खाली रोहा.

मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, "बघ, चोरला नाय." तू माझ्याकडे पाहिलंस. "नवा टाकला ना? मग ह्यो कुनाचा?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तू चोरी पकडायला नाव घातलं होतंस आणि हाती आलं ते खोटं. पण कुणाचं खोटं? शोरूमवाल्यांचं तर होतंच. "डोळ्यांसमोर टाकला" असं म्हणणारं माणूस मात्र आपल्या न्हाणीत आंघोळ करत होतं. मी विचारलं, "बाबा कशाला खोटं बोलतील?" तू सीट खाली ठेवलंस. "तेच बघायचं हाय," म्हणालीस.

पुढच्याच आठवड्यात गाडी पुन्हा खोकायला लागली. "मी येते पेनला, ही पन येईल," तू म्हणालीस. बाबा म्हणाले, "तू कशाला? डब्यांचं काय?" डबे तू शेजारणीवर सोपवले होतेस, रिक्षाही सांगून ठेवली होतीस. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तू भरल्या चुलीवरून उठून बाहेर पडलीस. भिसे खिंडीत टेम्पो एवढा दमला की आपण दोघी उतरून मागून चालत गेलो. धूर आपल्या तोंडावर. नागोठणं गेलं, वडखळ गेलं, तू समोरच्या रस्त्याकडे बघत होतीस. मी मात्र आरशातून बाबांचा चेहरा बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. उकाड्याचा की कसला, मला आजही सांगता येणार नाही.

शोरूमचा मॅनेजर हसतमुख होता, कडक इस्त्रीचा शर्ट. "या वहिनी, या," म्हणत त्याने आपल्याला खुर्च्या दिल्या, माझ्यासाठी थंड्याची बाटली मागवली. मी हात पुढे केला तशी तू हळूच म्हणालीस, "ठेव खाली. ते प्यालीस की मग भांडताना घसा बसतो." मी ठेवली. त्या वेळी शोरूममध्ये दोन-तीन गिऱ्हाइकं होती. एक जोडपं नवी गाडी बघत होतं. तू त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, पण अगदी गोडीनं विचारलंस, "साहेब, नवा पंप टाकूनशान बी गाडी अशी का करते?"

तो म्हणाला, "वहिनी, पंप एकदम कोरा आहे. कंपनीच्या खोक्यातून माझ्या हातांनी काढून दिलाय."

"यांच्या समोर बसवलात?"

"हो तर. काय हो दादा?"

बाबांनी मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, कोण जाणे.

"मग जरा दाखवता का? बाईमानूस मी, मला काय कळतंय. निदान बघू तरी."

तो बाहेर आला. त्याच्यामागून त्याचा मेकॅनिक, आणि ते जोडपंसुद्धा. तू सीट उचललंस, टॉर्च लावलास. "वाच गो," मला म्हणालीस. मी वाचलं. तुझं नाव, बाबांचं, खाली रोहा.

मग तू म्हणालीस, "कंपनीनं खोक्यात घालताना माझं नाव घालूनशान पाठवलं काय?"

ते जोडपं एकमेकांकडे बघायला लागलं. मॅनेजर आधी हसला, मग मेकॅनिकवर ओरडला, मग म्हणाला की गडबडीत गाड्यांची अदलाबदल झाली असेल. तू आवाज चढवला नाहीस. "होईल की. मानूस हाय, चुकतो. पन माझ्या नावानं आलेला नवा पंप गेला कुठं? तेवढं सांगा. मी बसते इथं." आणि तू खरंच दाराशेजारच्या स्टुलावर बसलीस. गिऱ्हाईक आत आलं की ते आधी तुझ्याकडे बघायचं. कुणी विचारलं तर तू सांगायचीस, जेवढं झालं तेवढंच, वर एक शब्द नाही. मला लाज वाटत होती आणि तुझ्याजवळून हलावंसंही वाटत नव्हतं.

शेवटी मालक आले. वयस्कर गृहस्थ, धोतर-टोपीतले. त्यांनी मॅनेजरला आत नेलं. दार लावलं होतं, त्यामुळे आत काय बोलणं झालं ते कळलं नाही. बाहेर आले ते हातात सीलबंद खोकं घेऊनच. ते तुझ्यासमोर फोडलं, तुझ्यासमोर पंप बसवला. काढलेला जुना पंप तू मागून घेतलास आणि पिशवीत टाकलास. मालक हात जोडून म्हणाले, "बाई, आमच्याकडनं चूक झाली." तू पण हात जोडलेस. म्हणालीस, "तुम्ही चांगले हाव. पन रोज इथं बसत जा." येताना गाडी भिसे खिंड अशी चढली की मला ओरडावंसं वाटलं. सुपरवायझरला नंतर कधी बोलायची वेळ आली नाही. खानावळ टिकली, आणि पुढे माझं लग्नही त्याच डब्यांवर झालं.

पण गाडीत त्या दिवशी कुणी खूश नव्हतं. खिंड यायच्या आधीच, वडखळचा फाटा गेल्यावर, तू समोर बघतच विचारलंस, "तुमच्या डोळ्यांसमोर टाकला होता ना?" बाबा म्हणाले, "मी जरा चहाला गेलो हुतो." तू पुढे काही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर बरं झालं असतं, असं मला नंतर कितीदा तरी वाटलं. त्या दिवसापासून तू बाबांना एकटं पेणला जाऊ दिलं नाहीस. गाडीचं काम निघालं की तू तरी सोबत, नाहीतर मी. त्यांचा शर्ट धुण्याआधी तू नाकाला लावायचीस, हे मी पाहिलंय. तुला दारूचा संशय होता. माझ्या मनात दुसरंच होतं, ते मी कधी बोलले नाही. आणि बाबा अगदी निमूट झाले. मॅनेजरशी जिंकलेलं भांडण घरात हरल्यासारखं राहून गेलं. आधी तू गेलीस, मग चार पावसाळ्यांनी बाबा.

यंदा पेणला एका लग्नात आत्या भेटली. बाबांची धाकटी बहीण. पेणच्याच मिठागरवाल्यांच्या घरात दिलेली, जिच्याशी तू आजी गेल्यावर बोलणं टाकलं होतंस. आजीच्या कुड्या सापडल्या नव्हत्या, आणि तू तिच्याकडे बोट दाखवलं होतंस. तेव्हापासून तिच्या घरी जायचं नाही, तिचं नाव काढायचं नाही. आता खूप थकलीय. माझा हात धरून बसली आणि आपणहून म्हणाली, "तुझा बापूस गाडी रिपेरीला दिली का सरळ माझ्याकडं यायाचा. जेवायचा, पडवीत पडायचा. मी म्हनायची, अरे, जा, गाडीपाशी उभा ऱ्हा. तर म्हनायचा, ती लोकं चांगली हायत, करतील. मंग एकदम यायाचाच बंद झाला. मला वाटलं, तो बी तुझ्या आयेसारखा झाला." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला खरं कारण सांगितलं नाही. कसं सांगणार, की तिच्या भावावर आपण मायलेकींनी पहारा बसवला होता?

म्हणून हे लिहायला बसले. बाबा बहिणीकडे भाकरी खात होते, आई. एवढंच होतं ते. तुला दुसरं काही वाटत होतं, तुझा जीव त्यात अडकला असेल, तर तो सुटावा असं वाटलं. हे कुठे पाठवायचं नाही, मला माहीत आहे. घडी घालून कपाटात ठेवीन, माझी मुलगी केव्हातरी रद्दीत टाकेल.

पण तुझ्यापाशी कबूल करते. पेणच्या त्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी आत्याच्या घराकडे गेले, तिला न सांगता. शेजारी एक म्हातारी दाणे निवडत बसली होती. तिला विचारलं, आत्याचा भाऊ कधी येत होता का? "व्हय, यायाचा की. टेम्पोवाला. पडवीत झोपायचा," ती म्हणाली. मी तिचा हात धरला, डोळे भरून आले माझे. आणि मग परतीच्या एसटीत, नागोठण्याच्या अलीकडेच, मनात आलं, आत्याने तिला आधीच सांगून ठेवलं असेल का?